घंटा, गलेफ आणि शृंगेरीची लूट : वाईहून मिरजेपर्यंत

गुरुवार – मेणवली, वाई

मेणवलीच्या घाटावर जी भलीमोठी घंटा टांगलेली आहे तिच्यावर मेरीमाता आहे, बाळ येशू आहे आणि साल आहे १७०७. घाट नाना फडणवीसांचा, शेजारी मेणेश्वराचं देऊळ, समोर कृष्णामाई. आणि मधोमध ही पोर्तुगिजांची चर्चची घंटा.

वाईला जाऊन ढोल्या गणपती करायचा, पेढे घ्यायचे आणि परतायचं, असा आमच्या घरातला रिवाज. यंदा मी मामांना म्हटलं, देव नेहमीचेच करू, पण गोष्टी वेगळ्या ऐकू. मामा एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा एकच सवाल : "सगळं एस.टी.नं करायचं ना?" त्यांना ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट, मला बाई म्हणून अर्धं. दोघांत मिळून एक माणूस फिरल्याचा खर्च.

तर घंटा. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेची खूण म्हणून उत्तर कोकणातल्या चर्चच्या घंटा घाट चढून देशावर आल्या आणि देवळादेवळांत लागल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तर शहराच्या बोलण्यात शिरली आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. मेणवलीची त्यातलीच. हत्तीवरून आणली, गाड्यावरून आणली, असं गावात ज्याचं त्याचं मत.

घंटाघराच्या दगडी कमानीखाली उभं राहिलं की आधी काही कळत नाही. बाहेर लख्ख ऊन, आत सावली. डोळे सरावले की प्रथम आकडे दिसतात, मग हळूहळू बाईची आकृती उठून येते. अंगावर घोळदार वस्त्र, हातात मूल. तासून काढायचं मनात आणलं असतं तर छिन्नीचं अर्ध्या दिवसाचं काम होतं. तासली नाही. विजयाची खूण म्हणून आणली तरी मूर्तीला हात लावला नाही, हे मला जास्त लक्षात राहिलं. वितळवून तोफ ओतायलाही धातू बरा होता, आणि त्या काळात तोफा कमीच पडत.

घाटावर धुणं धुणाऱ्या एका मावशींना विचारलं, घंटेवर कोण आहे माहीत आहे का? त्यांनी पिळा न थांबवता सांगितलं, "त्यांची देवी हाय. आता हितंच असती." मामा म्हणाले, याहून जास्त तुझी पुस्तकं काय सांगणार? मी गप्प बसले, कारण पुस्तकं थोडं जास्त सांगतात, पण भरल्या घाटावर वाद घालायचा नसतो.

दुपारी वाईत. ढोल्या गणपतीची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी फाकावं म्हणून. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ सगळ्यांना माहीत. आम्ही तिथं फार रेंगाळलो नाही, कारण मला प्राज्ञपाठशाळा पाहायची होती.

कर्मठ म्हणून नाव असलेल्या या गावात नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी पाठशाळा चालवली आणि तिच्यातून निघालेली माणसं परंपरेच्या चौकटीत मावेनात. १९१७ मध्ये साबरमतीच्या आश्रमातून सुट्टी घेऊन विनोबा इथं उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला येऊन राहिले. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तर इथलेच झाले. पुढं मराठी विश्वकोशाचं काम वाईला आलं ते त्यांच्यामुळं. पण त्यांची गोष्ट सांगायची तर मी विश्वकोशाची नाही सांगणार, लग्नाची सांगेन.

१६ जून १९३३, पुण्यात पर्णकुटी. गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी. नवरा वैश्य, नवरी ब्राह्मण. धर्मशास्त्राच्या भाषेत प्रतिलोम विवाह, म्हणजे जातीबाहेरच्या लग्नांतही सगळ्यांत निषिद्ध मानलेला. दोन्ही बापांनी मुलांना कित्येक वर्षं थांबायला लावलं होतं. मग हे लग्न वैदिक विधीनं लावणार कोण? लावलं तर्कतीर्थांनी. धर्मशास्त्र कोळून प्यायलेल्या वाईच्या शास्त्र्यानं मंत्र म्हटले आणि लग्न लागलं. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही, हे येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना ग्रंथांतून काढून दाखवणाऱ्या शास्त्रीमंडळींतही ते होते.

सुधारकांनी बाहेरून दगड मारले, हा इतिहास आपण शाळेत शिकतो. आतून खिळे ढिले करणारे शास्त्री मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसतात. मामांना हे पटलं. त्यांच्या मते युनियनमध्येही तसंच असतं.

शुक्रवार – सातारा, माहुली

साताऱ्यात उतरून आधी माहुली. कृष्णा-वेण्णेचा संगम, घडीव दगडांची देवळं, समाध्या. थोरले शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला गेले, त्यांची समाधी इथंच. पण लोक विचारत येतात ते कुत्र्याची समाधी कुठं आहे म्हणून. शाहू महाराजांचा लाडका खंड्या. शिकारीत वाघ अंगावर येताना त्यानं भुंकून धन्याला सावध केलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. जहागीर खरी की वाढवलेली ते जाऊ द्या. संगमावर छत्रपतींच्या समाधीच्या क्षेत्रात कुत्र्याला दगडात जागा मिळाली, हे तर समोर दिसतं. मामांनी चपला काढून नमस्कार केला. मीही केला.

मग राजवाड्याचा परिसर. प्रतापसिंह हायस्कूल जुन्या राजवाड्यात भरत असे. या इमारतीच्या वाट्याला धर्माच्या इतिहासातल्या दोन गोष्टी आल्या आहेत आणि त्या एकमेकींशी बोलतात.

पहिली प्रतापसिंह महाराजांची. पेशवाई संपली, इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं आणि काही वर्षांत वाद पेटला : भोसले क्षत्रिय की नाहीत? त्यांच्या घरचे विधी वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी, व्हायचे की पुराणोक्त, म्हणजे पुराणांतल्या मंत्रांनी? आपण वेदोक्त म्हटलं की कोल्हापूर आणि राजर्षी शाहू महाराज आठवतो. पण त्याच्या सत्तर वर्षं आधी, १८३० च्या सुमारास, साताऱ्यात यावर शास्त्रार्थ झडला होता. महाराजांच्या बाजूनं आबा पारसनीस उभे होते. विरोधी फळीत सगळ्यांत वजनदार नाव होतं सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांचं. म्हणजे आत्ताचे दोन शेजारी जिल्हे तेव्हा एका मंत्रावरून समोरासमोर होते. पुढं १८३९ मध्ये इंग्रजांनी महाराजांना पदच्युत करून काशीला धाडलं, १८४७ मध्ये ते तिथंच वारले. पदच्युतीची कारणं वेगळी दाखवली गेली, पण दरबारात त्यांच्याविरुद्ध कान भरणाऱ्यांत हा जुना राग होताच, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट याच शाळेच्या रजिस्टरातली. ७ नोव्हेंबर १९००, भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिली. डॉ. आंबेडकरांच्या शाळाप्रवेशाचा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कमी सांगितलं जातं ते त्यांच्या घराबद्दल. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. जात न मानणाऱ्या कबीराचे दोहे रोज घरात, आणि घराबाहेर पडलं की सातारा. भीमाबाई, त्यांच्या आई, याच गावात वारल्या.

यानंतरचा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. लहान भीमराव, भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला रेल्वेनं मसूरला उतरले. वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यात होते, निरोप चुकला, न्यायला कुणी आलं नाही. मुलं कोणत्या जातीची ते कळल्यावर गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही चालत येणार, गाडी मुलांनीच हाकायची. रात्री टोलनाक्यावर पाणी हवं होतं. गाडीवानानं शिकवलं, मुसलमान आहोत म्हणून सांगा. भीमरावांना उर्दू चांगली येत होती. त्यांनी उर्दूत पाणी मागितलं. तरी मिळालं नाही.

समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक मसूरला आहे. त्या मारुतीला गाड्या भरभरून लोक जातात. स्टेशनवर कोण थांबतं? आमची एस.टी.सुद्धा थांबत नाही, मामांनी वेळापत्रक सांगून सिद्ध केलं.

सज्जनगडावर संध्याकाळी पोचलो. समाधी, शेजघर, पिठलं-भात नव्हे तर गव्हाची खीर, सगळं यथासांग. एकच नोंद : गडाच्या दरवाज्यात फारसी शिलालेख आहे, विजापूरच्या अमलातला. रामदासी गडावर चढणारा प्रत्येक भक्त त्याच्याखालून जातो. आणि १७०० मध्ये औरंगजेबानं गड घेतला तेव्हा त्याचं नाव ठेवलं नवरसतारा. ते टिकलं नाही.

शनिवार – कऱ्हाड, आगाशिव

कऱ्हाडकरांना आपल्या गावाचा फार अभिमान, आणि तो असायला एक असं कारण आहे जे बहुतेक कऱ्हाडकरांनाही ठाऊक नसतं.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुत नावाचं ठिकाण आहे. तिथं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मोठा बौद्ध स्तूप होता. त्याचे दगडी कठडे आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांवर कुणी किती आणि कुठून दान दिलं ते कोरलं आहे. त्यांत 'करहकट' गावच्या लोकांची नावं आहेत, एवढंच नव्हे तर करहकटच्या निगमाचं, म्हणजे व्यापाऱ्यांच्या गावसभेचं, सामूहिक दान आहे. करहकट म्हणजे आपलं कऱ्हाड. बावीसशे वर्षांपूर्वी इथल्या पेठेनं वर्गणी काढून पार तिकडे विंध्यापलीकडे पाठवली. मामांनी विचारलं, पावती मिळाली का? मी म्हटलं, दगडावर कोरलेली, अजून आहे. ते खूश झाले, हिशेब चोख लागला की त्यांना बरं वाटतं.

ही पेठ स्वतःच्या दारातही खर्च करत होती, ते आगाशिवच्या डोंगरावर दिसतं. जखिणवाडीच्या बाजूनं चढायला लागलो. साठाच्या वर लेणी आहेत, बहुतेक साधी : एक खोली, दगडी ओटा, भिक्षूनं झोपायचं. नक्षीकाम जवळजवळ नाही. अजिंठा मनात धरून येणाऱ्यांचा हिरमोड होतो. एका लेण्यात दागोबाशेजारच्या, म्हणजे दगडात कोरलेल्या स्तूपाशेजारच्या, खांबांवर सिंह आणि चक्र आहेत, तेवढीच काय ती हौस.

मी एका ओट्यावर बसून पाहिलं. लांबी पुरेशी, रुंदी बेताची, उशाकडे दगड किंचित उंच ठेवलेला. आत थंड. दारातून खाली कोयना-कृष्णेचं खोरं आणि उसाचे फड दिसतात. कारखाने सुरू झालेले, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यानं रांगत होते. पावसाळ्याचे चार महिने इथं काढणाऱ्या भिक्षूला खालून भिक्षा आणायची तर रोज ही चढण चढायची. मामांना गुडघ्यांमुळं दोनदा थांबावं लागलं. "भिक्षू तरुणच घेत असणार," त्यांचं निदान.

डोंगराच्या माथ्यावर महादेव आहे, आगाशिव. श्रावणात गर्दी महादेवाला होते, लेण्यांना नाही. बौद्ध गेले, शिव आला, नाव शिवाचं राहिलं. मध्ये कुणी कुणाला हाकललं असेलच असं नाही. व्यापाराचे रस्ते बदलले, वर्गणी आटली की विहार ओस पडतात. ओस पडलेल्या डोंगरावर गुराखी दिवा लावतो. त्याचं देऊळ व्हायला काही शतकं पुरतात.

संध्याकाळी प्रीतिसंगम. भेळ चांगली होती.

रविवार – कडेगाव, तासगाव, सांगली

कऱ्हाडहून विट्याच्या रस्त्यानं निघालो. वाटेत कडेगाव. इथल्या मोहरमच्या ताबुतांची उंची पाहायला लांबून लोक येतात. आम्ही गेलो तेव्हा मोहरम नव्हता, त्यामुळं पाहायला काही नव्हतं, पण चहाच्या टपरीवर ऐकायला होतं. ताबूत बांबूचे. आधी कळस बांधायचा, मग खाली खाली येत पाया. मान जसे मुस्लिम घराण्यांकडे तसेच पाटील, देशपांडे, सुतार यांच्याकडेही. टपरीवाल्यानं कुणाचा ताबूत आधी उचलतात, कुणाचा मागे, हे इतक्या तपशिलात सांगितलं की मामांची पुढची गाडी चुकायची वेळ आली. दीडशे वर्षांहून जुना रिवाज, आणि भांडण झालंच तर ते मानापानाचं होतं, धर्माचं नाही, असं तो म्हणाला. मानापानाची भांडणंही काही कमी नसतात.

तासगावला पोचता पोचता लांबूनच गोपुर दिसतं. महाराष्ट्रातल्या गणपतीच्या देवळाला दाक्षिणात्य पद्धतीचं सात मजली गोपुर! परशुरामभाऊ पटवर्धनांनी हे देऊळ १७७९ ला सुरू केलं, पुरं व्हायला वीस वर्षं लागली. भाऊंचं अर्धं आयुष्य कर्नाटकच्या स्वाऱ्यांत गेलं. तिकडची देवळं डोळ्यांत भरली आणि इथं उतरली. गणपती उजव्या सोंडेचा, ऋषिपंचमीला रथ निघतो, दोर ओढायला अख्खा तालुका लोटतो.

गोपुराकडे मान वर करून पाहताना मला शृंगेरी आठवत होती, आणि ही गोष्ट देवळाच्या आवारात सांगावी की बाहेर, असा प्रश्न पडला. बाहेर सांगितली.

१७९१. टिपूविरुद्धचं युद्ध. इंग्रज, निजाम आणि मराठे एका बाजूला. मराठी फौजेचे सरदार परशुरामभाऊ, आणि त्यांच्याच फौजेतली रघुनाथराव पटवर्धनांची तुकडी शृंगेरीवर गेली. आद्य शंकराचार्यांचं पीठ. बरोबरच्या पेंढाऱ्यांनी मठ लुटला, माणसं मारली, शारदेची मूर्ती जागची हलवली. स्वामींना कारकळला जाऊन राहावं लागलं. शंकराचार्यांनी दाद मागितली ती टिपूकडे. आणि टिपूनं कन्नडमध्ये पत्र लिहिलं, त्यात संस्कृत वचन घातलं : हसद्भिः क्रियते कर्म रुदद्भिरनुभूयते. हसत हसत केलेलं कर्म रडत भोगावं लागतं. शारदेच्या पुनःस्थापनेसाठी त्यानं बिदनूरच्या आपल्या अधिकाऱ्याला पैसे द्यायला सांगितलं. ही पत्रं १९१६ मध्ये मठात सापडली, म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याच्या नरसिंहाचार यांना.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि त्या टिपूनं कुर्गात काय केलं?" केलं, बळजबरीची धर्मांतरं केली, मलबारातही केली. ते खरं आहे म्हणून हे खोटं होत नाही आणि हे खरं म्हणून ते पुसत नाही. शृंगेरी त्याच्या राज्यातली, तिचा आशीर्वाद युद्धात हवा होता, हेही उघड आहे. पण आपल्या बाजूची गोष्ट आपण सांगायला हवी. ज्या वर्षांत तासगावात एका देवासाठी दगडावर दगड चढत होते, त्याच वर्षांत त्याच घराण्याची फौज दुसऱ्या देवाच्या दारात होती. भाऊंनी हुकूम दिला होता असं मी म्हणत नाही. लूट झाली ती त्यांच्या निशाणाखाली.

आणि गंमत म्हणजे पटवर्धनांच्याच मुलखातल्या माणसानं हे लपवलं नाही. मिरजेच्या शाळेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तर वर्षानुवर्षं चाळून ऐतिहासिक पत्रांचे खंडामागून खंड छापले, त्यांत या लुटीबद्दलची पत्रंही आहेत. संस्थानिकांच्या गावात बसून संस्थानिकांचंच दप्तर उघडं करणं, तेही शिक्षकाच्या पगारावर. मला हा माणूस लई आवडतो.

सांगलीत गणपतीचं देऊळ. बांधलं वेदोक्ताच्या वादातल्या त्याच चिंतामणरावांनी. इथला चोर गणपती मला फार गोड वाटतो. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, चतुर्थीच्या तीन दिवस आधी, गाजावाजा न करता हा येऊन बसतो. ना वाजंत्री, ना मिरवणूक. मूर्ती कागदाच्या लगद्याची, विसर्जन न करता जपून ठेवायची, पुढच्या वर्षी तीच. पर्यावरणपूरक गणपतीची भाषणं ऐकताना मला नेहमी हा आठवतो.

सोमवार – मिरज

सांगलीहून सिटी बसनं वानलेसवाडी ओलांडून मिरजेत. विल्यम वानलेस हा कॅनडातून आलेला प्रेस्बिटेरियन डॉक्टर, १८८९ मध्ये सांगलीला पोचला, मग मिरजेला दवाखाना काढला. आला होता धर्म सांगायला. लोकांनी त्याच्याकडून औषध घेतलं, धर्म फारसा घेतला नाही, आणि वाडीला त्याचं नाव दिलं.

मीरासाहेबांचा दर्गा. ख्वाजा शमना मीरासाहेब. इथल्या उरुसाची सुरुवात होते ती चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफानं, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीनं. पहिला गलेफ त्यांचा. देवळाच्या पायरीपाशीही ज्यांना थांबवलं जायचं त्यांना पिराच्या दारात पहिला मान. आवारात फुलं विकणाऱ्या काकांना मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "का म्हणजे? मान त्यांचा हाय." मी पुन्हा विचारलं तर त्यांनी मला गुलाबाची पुडी दिली आणि वीस रुपये मागितले.

आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. किराना घराण्याचा हा थोर गवई, मिरजेत स्थायिक झालेला, २७ ऑक्टोबर १९३७ ला दक्षिणेत प्रवासात गेला. पाँडिचेरीकडे निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून एका लहान स्टेशनवर उतरले, बिछाना पसरला, नमाज पढले, दरबारीत कलमा गायला लागले आणि गाता गाता संपले. देह मिरजेला आणला. तेव्हापासून उरुसात चिंचेच्या झाडाखाली गाणं होतं, नामवंत येतात आणि पैसे न घेता गातात.

हे सगळं गोड गोड लिहून थांबता येईल, पण याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात एका कमानीवरून दंगल उसळली, संचारबंदी लागली, विसर्जनं अडली. दर्ग्याचा मान तेव्हाही होता आणि चिंचेचं झाडही. त्यांनी दंगल थांबली नाही. फुलवाल्या काकांना त्याबद्दल विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाहेरची पोरं हुती, आतलीबी हुती." "आतलीबी" म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला नाही.

मामांनी उरुस कधी असतो ते विचारून घेतलं, कंडक्टरच्या जुन्या वहीत टिपलं आणि खाली मिरज-वाई गाडीची वेळ लिहिली. पहिला गलेफ पाहायचा तर रात्री मुक्काम करावा लागेल, लॉज आत्ताच बघून ठेवू म्हणाले, उरुसात भाव दुप्पट होतात.